गाडी दारात, पश्चात्ताप घरात

नवी गाडी आली की मोहल्लाभर पेढे वाटले जातात. तीच गाडी फसवी निघाली, तर मात्र कोणी कोणाला सांगत नाही. विचारले की उत्तर ठरलेले असते, "अल्हम्दुलिल्लाह, चांगली चाललीय." गॅरेजवाल्याला किती पैसे गेले, किती सुट्ट्या सर्व्हिस सेंटरच्या बाकावर बसून संपल्या, ईदला गावी जाताना घाटात गाडी बंद पडल्यावर बायकामुलांना घेऊन एसटीला हात कसा दाखवावा लागला, हे सारे उंबऱ्याच्या आतच राहते.

घरानंतर मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे गाडी. आपल्याकडे बरीच घरे व्याजाचे कर्ज नको म्हणून ती रोखीने घेतात. त्या रकमेत कोणाची कुवेत-सौदीतली कमाई असते, कोणाची भिशी, कोणाच्या घरातल्या दोन बांगड्या. रोखीच्या हिशेबात नवी गाडी बसली नाही, तर जुनी घेतली जाते. मग अशी गाडी बिघडकी निघाली, की त्याचा फटका मुलीच्या कॉलेजच्या फीला बसतो, अब्बांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बसतो. कर्जाचा हप्ता निदान आधी ठाऊक असतो, गॅरेजचे बिल सांगून येत नाही.

गाडीमालकांची रडगाणी नीट ऐकली तर ती फार निरनिराळी नसतात. चार-पाच ठरावीक वाटांनीच माणूस पश्चात्तापापाशी पोहोचतो. त्या वाटा आधीच ओळखून ठेवलेल्या बऱ्या.

नव्या मॉडेलची घाई

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके फिरलेली प्रीमियर पद्मिनी कोणी आरामदायी म्हणून घेतली नव्हती. गिअर दांडीवर, वातानुकूलन नाही, उन्हाळ्यात इंजिन तापायचे. पण तिचे सगळे दुखणे सगळ्यांना माहीत होते आणि कुर्ल्यापासून कणकवलीपर्यंत कोणताही मेकॅनिक पान्हा-स्क्रूड्रायव्हर घेऊन ती पुन्हा चालती करायचा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. तिच्याविषयी तक्रार होती, पण फसवणुकीची भावना नव्हती.

१९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या तेव्हा चित्र पालटले. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीनेच फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवायला घेतली. गाडी चालवायला उत्तम होती. तिची पकड आणि डिझेल इंजिन यांची जुने मालक आजही तारीफ करतात. पण कारखान्यात कामगारांचे तंटे झाले, भागीदारांत बिनसले आणि १९९७ मध्ये प्यूजोने काढता पाय घेतला. बुकिंगचे पैसे भरून बसलेल्या अनेकांना ते परत मिळवण्यासाठी झगडावे लागले. ज्यांना गाडी मिळाली होती, त्यांना सुट्या भागांसाठी दारोदार फिरावे लागले. गाडी चांगली होती, हेच त्या मालकांचे मोठे दुःख. दोष गाडीत नव्हता, तिच्या मागे उभे राहणारे कोणी उरले नव्हते.

याच्या उलट गोष्ट टाटा इंडिकाची. १९९८ च्या अखेरीस पुण्याच्या कारखान्यातून ती बाजारात आली आणि एक लाखाहून अधिक लोकांनी बुकिंग केले. पहिल्या खेपेच्या गाड्यांनी मात्र मालकांना रडवले. आवाज, थरथर, लहानसहान बिघाड यांच्या तक्रारींचा ढीग पडला. कंपनीने त्या ऐकल्या, सुधारणा केल्या आणि २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आणली. पुढे तीच गाडी टॅक्सीवाल्यांची भाकर झाली. पहिल्या खेपेचा मालक आणि दोन वर्षे थांबलेला मालक, दोघांनी एकाच नावाची गाडी घेतली, पण अनुभव दोन टोकांचे आले.

यातून निघणारा धडा साधा आहे. पूर्णपणे नवे मॉडेल, नवे इंजिन किंवा नव्या तऱ्हेचा गिअरबॉक्स बाजारात आला, तर पहिले वर्ष-दीड वर्ष थांबावे. त्या अवधीत कंपनीचे शिकणे आपल्या खिशातून होऊ देऊ नये.

कंपनी गेली, गाडी राहिली

मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केले, की त्या वर्षअखेर शेव्हरोले गाड्यांची भारतातली विक्री बंद होणार. बीट, स्पार्क, टवेरा, क्रूझ या गाड्यांच्या मालकांनी ती बातमी वाचली त्याच दिवशी त्यांच्या गाडीची किंमत घसरली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी २०२० च्या अखेरपर्यंत चालला आणि आता तो ह्युंदाईकडे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनेही भारतात गाड्या बनवणे थांबवत असल्याचे सांगितले. बीएस-६ नियम येण्याच्या सुमारास फियाटच्या गाड्याही शोरूममधून गेल्या होत्या.

कंपन्या जाताना सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन देतात आणि बऱ्याच अंशी ते पाळतातही. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही होते, त्यामुळे फियाटवाल्याचे इंजिनाचे काम आजही कोणीही करून देतो. त्याचे घोडे अडते ते पुढच्या दिव्यापाशी, दाराच्या हँडलपाशी, डॅशबोर्डच्या एखाद्या सर्किटपाशी. सहाशे रुपयांची वस्तू महिनाभर मिळत नाही आणि तोवर गाडी अंगणात झाकून ठेवावी लागते.

अशा कंपन्यांच्या जुन्या गाड्या आज स्वस्तात मिळतात आणि मजबूत बांधणीमुळे मोहात पाडतात. मुंबई, पुणे किंवा नाशिकला राहणाऱ्याला, ओळखीचा जाणता मेकॅनिक असेल, तर हा व्यवहार परवडूही शकतो. पण म्हसळ्यात, मंडणगडात किंवा परभणीच्या एखाद्या तालुक्यात राहणाऱ्याने आधी एकच गोष्ट विचारावी: या गाडीचा आरसा फुटला तर तो कुठून येईल आणि किती दिवसांत?

गाडी चांगली, पण आपल्या कामाची नाही

पश्चात्तापाचा सर्वांत मोठा वाटा या सदरात मोडतो, कारण इथे दोष ना कंपनीचा असतो ना विकणाऱ्याचा.

डिझेल गाडीचे घ्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी ही जाळी चांगली तापावी लागते आणि त्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटे पळावी लागते. मुलांना शाळेत सोडणे, बाजारहाट, मशिदीपर्यंत जाणे एवढीच ज्या गाडीची धाव, तिची जाळी तापतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो, सर्व्हिस सेंटरला जाऊन काजळी जाळून घ्यावी लागते. दिव्याकडे दुर्लक्ष केले आणि जाळीच बदलायची वेळ आली, तर बिल पाहून डोळे पांढरे होतात. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर, तेही हायवेवर, धावणे असेल तर डिझेल घ्यावे. पंपावर लिटरमागे वाचणाऱ्या काही रुपयांसाठी नव्हे.

सीएनजीचेही तसेच. रोज शहरात पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्याला तो वरदान आहे. पण टाकी डिकीत बसते. ईदच्या सुट्टीत सहा माणसे, चार बॅगा, तांदळाचे पोते आणि दादीची चाकाची खुर्ची घेऊन गावी निघालेल्या कुटुंबाला हे निघायच्या दिवशी कळते. गॅसवर इंजिनाची ताकद कमी होते, भरलेल्या गाडीने कशेडी किंवा आंबा घाट चढताना ते जाणवते. सणाच्या दिवसांत मुंबई-गोवा रस्त्यावरच्या पंपांवरच्या रांगा कोकणातल्या माणसाला नव्याने सांगायला नकोत. शिवाय टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, हा खर्च आणि खेप बऱ्याच जणांच्या हिशेबात नसते.

क्लचशिवायच्या गाड्यांतही फरक असतो. स्वस्तातल्या एएमटी प्रकारात साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबण्याचे काम यंत्र करते. त्यामुळे गिअर बदलताना हलका झटका बसतो आणि चढावर ब्रेक सोडताच काही गाड्या मागे सरकतात. ज्यांना हे आधी कोणी सांगितले नाही, त्यांना गाडी नादुरुस्त वाटते. ड्युअल क्लच प्रकार मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो, पण त्यातले कोरड्या क्लचचे बॉक्स मुंग्यांच्या रांगेसारख्या वाहतुकीत तापतात आणि दुरुस्ती महाग पडते.

आणि सात आसनांची हौस! तिसऱ्या रांगेत खरोखर कोण बसणार, हे शोरूममध्ये कोणी पाहत नाही. तिथे गुडघेदुखीच्या अम्मीला बसवून, उठवून पाहावे. उंच गाडीत चढताना तिला हाताला धरायला काही आहे का, बुरखा किंवा साडी पायदानात अडकते का, मागच्या रांगेला थंड हवेचा झोत मिळतो का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. घरातल्या बायकांना गाडीचा रंग निवडायला नेतात, गाडी निवडायला नेत नाहीत. पुढची दहा वर्षे मागे बसून प्रवास मात्र त्यांनाच करायचा असतो.

पुराचे पाणी आणि मागे फिरवलेला मीटर

जुन्या गाडीच्या बाजारात दोन फसवणुका नेहमीच्या. पहिली पाण्याची. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चे कोल्हापूर-सांगली, २२ जुलै २०२१ चे चिपळूण. प्रत्येक महापुरात असंख्य गाड्या बुडाल्या. विमा कंपनी ज्या गाड्यांचे पूर्ण नुकसान ठरवते, त्या लिलावात जातात. त्यांतल्या काही धुऊन-पुसून, चकचकीत करून दूरच्या जिल्ह्यात विक्रीला येतात. इंजिन चालते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेले पाणी वर्ष-दोन वर्षांनी आपले रूप दाखवते. कधी काचा खाली होत नाहीत, कधी दिवे आपोआप लागतात आणि ऐन गरजेच्या क्षणी एअरबॅग उघडेल याची खात्री उरत नाही.

पुरातली गाडी ओळखता येते. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसावे, कुबट वास लपत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या टोकाला गाळाचा डाग राहिलेला असतो. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांचा गंज आणि स्टेपनीच्या खळग्यातली माती पाहावी. दहा वर्षांच्या गाडीत कार्पेट अगदी कोरे करकरीत असेल, तर ते का बदलले, हे विचारावे.

दुसरी फसवणूक किलोमीटरची. मीटरवरचा आकडा कमी करून देणारे बाजारात आहेत. म्हणून मीटरवर विश्वास न ठेवता इतर खुणा पाहाव्यात. स्टिअरिंगचे कातडे गुळगुळीत, ब्रेकच्या पेडलचे रबर झिजलेले आणि मीटरवर मात्र तीस हजार, हा मेळ बसत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. कमी चाललेल्या गाडीचे चारही टायर नुकतेच बदललेले असतील, तर कारण विचारावे. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा जुना सेवा-तपशील काढणे. मालक त्याला नाखूष असेल, तर आपण सलाम करून निघावे.

दोष लपवला की काय होते

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यांच्या देशात फसव्या गाडीला बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात. अकरलॉफ यांचे म्हणणे असे: विकणाऱ्याला दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. फसण्याच्या भीतीने घेणारा प्रत्येक गाडीला कमीच भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक एवढ्या भावात विकायला तयार होत नाही आणि बाजारात लिंबेच उरतात. एकाने लपवलेल्या दोषाची किंमत प्रामाणिक माणसालाही मोजावी लागते. या कामासाठी २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. फिकहमध्ये 'खियारुल ऐब' म्हणून एक स्वतंत्र हक्कच सांगितला आहे. वस्तूत आधीपासून असलेला ऐब विक्रीनंतर उघड झाला, तर घेणाऱ्याला ती परत करता येते. दोष ठाऊक असून न सांगता विकणे नाजायज मानले गेले आहे. तरीही आपल्याच मोहल्ल्यात "गाडी बसली रे बसली, देऊन टाक कोणाला तरी" हा सल्ला सर्रास दिला जातो. 'कोणाला तरी' म्हणजे कोणाला? ज्याने आपल्यासारखीच भिशी उचलून पैसे जमवले आहेत, अशाच एखाद्या कुटुंबाला. पश्चात्ताप अशा वेळी संपत नाही, तो पुढच्या घरी जातो. गिअरबॉक्सचे काम निघाले आहे, हे सांगून वीस हजार कमी घेतले, तर तोटा वीस हजारांचाच होतो. लपवून विकले आणि ते घेणाऱ्याला कळले, तर त्या माणसाशी पुन्हा नजर मिळवता येत नाही.

तक्रार कुठे करायची?

अमेरिकेच्या राज्यांत फसव्या नव्या गाड्यांसाठी खास कायदे आहेत. पहिला १९८२ मध्ये कनेटिकटने केला. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हाताशी आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंत ते दोनशे रुपये आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी, काही प्रकरणे तिथेच मिटतात.

आयोगात मात्र संताप चालत नाही, कागद चालतो. 'गाडीत मुळातच दोष आहे' एवढे म्हणून भागत नाही. तज्ज्ञाचा अहवाल लागतो, नाहीतर दावे फेटाळले जातात. म्हणून पहिल्या बिघाडापासून प्रत्येक वेळी जॉबकार्ड मागून घ्यावे आणि त्यावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावावी. सल्लागार 'जनरल चेकअप' असे लिहून मोकळा होतो आणि पुढे तोच दोष पाच वेळा दाखवला होता, याचा पुरावाच राहत नाही. तोंडी आश्वासन मिळाले, तर त्याच संध्याकाळी त्याचा उल्लेख करून ईमेल पाठवावा.

दोष एकाच गाडीत नसून साऱ्या खेपेत असेल, तर कंपनीने गाड्या परत बोलावून तो फुकट दुरुस्त करायचा असतो. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, तेव्हा तसे करण्याची कायद्याने सक्ती नव्हती. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांसाठी सक्तीच्या रिकॉलचे नियम आले आहेत. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला, की आपल्या गाडीचे रिकॉल बाकी आहे का ते दिसते. जुनी गाडी घेणाऱ्याने हे जरूर पाहावे, कारण रिकॉलचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असते.

विकणाऱ्यानेही एक काळजी घ्यावी. पैसे मिळाले, चावी दिली, एवढ्याने गाडी आपल्या नावावरून जात नाही. आरटीओच्या कागदावर ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. गाडी चार हातांतून गेली आणि अपघात झाला, तरी भरपाईची नोटीस कागदावरच्या मालकाला येते. फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतरण पूर्ण झाल्याची खात्री करावी, मग घेणारा सख्खा भाचा का असेना.

सही करण्यापूर्वी

घरात सर्वांनी एकत्र बसून कागदावर एवढे लिहून काढावे:

• महिन्याला गाडी किती किलोमीटर धावणार आणि कुठे, शहरात की हायवेवर?
• रोज किती माणसे बसणार? वर्षातून चार वेळा लागणाऱ्या जागेसाठी रोज मोठी गाडी ओढायची, की त्या चार वेळा भाड्याची करायची?
• आपल्या तालुक्यापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे?
• तेच मॉडेल तीन वर्षे वापरणारे दोघे-तिघे ओळखीत आहेत का? त्यांना 'गाडी कशी आहे' असे विचारू नये. 'गेल्या वर्षी गॅरेजला किती गेले' हे विचारावे.
• जुनी गाडी असेल, तर विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासून घेतली का? त्याची हजार-दोन हजारांची मजुरी हा सर्वांत स्वस्त विमा आहे.
• खरेदीनंतर निदान पन्नास हजार रुपये बाजूला राहतात का? सगळी पुंजी गाडीत घातली, तर पहिल्याच बिघाडाला उसने मागावे लागतात.

आणि ज्यांच्या दारात फसलेली गाडी आधीच उभी आहे, त्यांनी दोन आकडे शेजारी मांडावेत: दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्तीनंतर येणारी किंमत. आतापर्यंत एवढे घातले म्हणून आणखी घालत राहणे, हा हिशेब नव्हे. दुरुस्ती किमतीच्या वर जात असेल, तर दोष सांगून, मिळेल त्या भावात गाडी सोडावी.

त्यानंतर एक काम उरते, आणि ते फुकट आहे. शेजारी, मेहुणा, मशिदीत भेटणारा दोस्त तेच मॉडेल घ्यायला निघाला असेल, तर त्याला खरे काय ते सांगावे. एकाचे गेलेले पैसे परत येत नाहीत, पण दुसऱ्या घरातली फीची रक्कम तरी शाबूत राहते.